शेतातले एलईडी बल्ब एका रात्रीत गेले. ड्रायव्हरमधलं संरक्षण नेमकं कशापासून वाचवतं?

माणदेशी (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. सांगोल्याजवळ आमची ड्रॅगन फ्रूटची बाग आहे. ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो, ड्रॅगनला फुलं यायला मोठा दिवस लागतो, त्यामुळे हिवाळ्यात रात्री काही तास बल्ब लावून दिवस लांबवायचा म्हणजे बिगरहंगामी माल निघतो आणि भावही बरा लागतो. एकरात साधारण ४०० बल्ब आहेत, प्रत्येकी ९ वॅटचे, तिन्ही फेजवर वाटून दिलेले. पहिल्यावर १५०, दुसऱ्यावर १५०, तिसऱ्यावर १००. परवा रात्री साडेनऊच्या सुमारास तिसऱ्या फेजचे बल्ब फटाफट जायला लागले, आवाज येऊन, जळका वास सुटला सगळ्या बागेत. आम्ही पळत बॉक्सपर्यंत जाईस्तोवर त्या फेजचे सत्तरेक गेलेले. गंमत म्हणजे बाकीच्या दोन फेजचे बल्ब काही झालंच नाही असे चालू, आणि जाणारे बल्बसुद्धा जायच्या आधी जास्त उजळ झाले असं काही दिसलं नाही. आभाळ स्वच्छ होतं, वीज नाही पाऊस नाही. खोक्यावर "४ केव्ही सर्ज प्रोटेक्शन" लिहिलंय. दुकानदार म्हणतो व्होल्टेज वाढलं असेल, वॉरंटीत बसत नाही. मग ते ४ हजार व्होल्टचं प्रोटेक्शन कशासाठी दिलंय? परत माल भरायच्या आधी समजून घ्यायचंय, फुलं धरायचे दिवस आहेत, उशीर परवडणार नाही.

राजापूरकर
आमच्याकडे वळवाच्या पावसात हेच होतं दरवर्षी, अंगणातले फ्लडलाईट जातात. आभाळ स्वच्छ असलं तरी लांब कुठे वीज पडली तर लाइनवरून येते ती. एमओव्ही (जास्तीचा झटका पिणारी चपटी गोळी) लावा प्रत्येक फेजला, स्वस्तात काम होतं.

फेजन्यूट्रल
मिरजेत दुरुस्तीचं दुकान आहे माझं, रोज ड्रायव्हर (बल्बातलं एलईडीला वीज देणारं सर्किट) उघडतो म्हणून लिहितोय. वीज आणि हे प्रकरण मला तरी वेगळं वाटतंय. वीज आली असती तर तिन्ही फेजला काहीतरी प्रसाद मिळाला असता, आणि बल्ब एकदम एका क्षणात गेले असते, एकामागून एक फटाफट गेले नसते. माणदेशी भाऊ, मेलेले चार-पाच बल्ब घ्या, वरची पांढरी टोपी फिरवून काढा आणि आतल्या प्लेटचे फोटो टाका किंवा लिहा काय दिसतंय ते. तीन गोष्टी बघा: १) उभा छोटा डबीसारखा कपॅसिटर फुगलाय का, वर फुटलाय का, २) निळी किंवा पिवळी चपटी गोळी आहे का, असेल तर तडकलीय का, ३) एलईडीच्या पिवळ्या ठिपक्यांवर काळे डाग आहेत का. नुसती ड्रायव्हर आयसी उडालेली आणि कपॅसिटर ठणठणीत असेल तर मी सर्ज, म्हणजे क्षणभराचा झटका म्हणेन. कपॅसिटरचं डोकं उघडलेलं असेल तर व्होल्टेज बराच वेळ चढून बसलेलं होतं, कारण कपॅसिटर मायक्रोसेकंदात फुटत नाही, त्याला तापायला वेळ लागतो.

माणदेशी
उघडले. जवळजवळ सगळ्यांत कपॅसिटरचं डोकं वर आलेलं किंवा फाटलेलं, आतला कागद बाहेर. त्याच्यावर ४.७ मायक्रोफॅरड ४०० व्होल्ट लिहिलंय. निळी गोळी आहे, छोटी, ७डी४७१ असं काहीतरी छापलंय, दोघांत ती तडकून काळी झालीय. सुरुवातीला एक रेझिस्टरसारखं जाडसर काहीतरी आहे ते ओपन दाखवतंय. एलईडीवर डाग नाहीत, बॅटरीवर लावून बघितलं तर ठिपके पेटतात.

मीनल_पुणे
मी पॉवर सप्लाय डिझाइन करते, त्यातही बरीच वर्षं लाइटिंगचंच काम. फेजन्यूट्रल दादांचं निदान बरोबर आहे, हे न्यूट्रल (तिन्ही फेजची परतीची सामाईक तार) सुटल्याचं चित्र आहे. जरा सविस्तर लिहिते कारण खोक्यावरचा तो ४ केव्हीचा आकडा वाचून खूप लोक फसतात.

बल्बच्या आत साधारण असा क्रम असतो: आधी फ्युजिबल रेझिस्टर (तुम्हाला ओपन दिसला तो), मग फेज-न्यूट्रलमध्ये एमओव्ही म्हणजे ती निळी गोळी, मग ब्रिज (एसीचं डीसी करणारा), मग तो ४०० व्होल्टचा कपॅसिटर, आणि त्याच्यापुढे आयसी, जी एलईडीला ठरावीक करंट देते. करंट ठरावीक असतो म्हणूनच व्होल्टेज चढलं तरी उजेड बदलला नाही. जुना फिलामेंटचा बल्ब डोळे दिपवून आधी इशारा तरी द्यायचा, इथे तो मिळत नाही.

गोळीवरचा ४७१ म्हणजे ४७ वर एक शून्य, ४७० व्होल्ट. त्या व्होल्टेजला तिच्यातून १ मिलिअँप करंट जायला लागतो. कायमस्वरूपी तिला ३०० व्होल्ट एसीपर्यंतच ठेवता येतं. आणि पुढचा ७ हा गोळीचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ७ ची गोळी एकदाच १२०० अँपिअरच्या आसपासचा झटका पिऊ शकते, १४ ची ४५०० च्या आसपास. हा झटका कसला, तर ८/२० मायक्रोसेकंदाचा. म्हणजे ८ मायक्रोसेकंदात वर आणि २० व्या मायक्रोसेकंदाला निम्म्यावर. खोक्यावरचे ४ केव्ही म्हणजे असाच एक क्षणभराचा झटका, चाचणीच्या जनरेटरमधून दिलेला, आणि त्या जनरेटरला स्वतःचा २ ओहमचा रोध असतो. त्या आकड्याचा आणि "३५० व्होल्ट दोन मिनिटं आलं तर काय होईल" या प्रश्नाचा काही संबंध नाही.

आता तुमचं गणित. तीन फेज, मधला न्यूट्रल सुटला. रेझिस्टिव्ह लोड धरून १५०-१५०-१०० ने काढलं तर तिसऱ्या फेजवर सुरुवातीला २५९ व्होल्ट येतात, पहिल्या दोघांवर थोडे कमी. पण एलईडी ड्रायव्हर व्होल्टेज वाढलं की करंट कमी ओढतो, त्यामुळे हा तोल आणखी ढळतो. मग काही बल्ब मेले की तिसऱ्या फेजचा भार आणखी हलका आणि उरलेल्यांवर व्होल्टेज आणखी जास्त. सगळे मेले की त्या फेजच्या टोकाला ३४५ व्होल्ट दिसतील आणि पहिल्या दोन फेजना त्यांच्यामधल्या ४०० चे अर्धे म्हणजे २०० प्रत्येकी. २०० वर तुमचे बल्ब आरामात चालतात, म्हणून ते "काही झालंच नाही" असे पेटत राहिले.

३४५ चं शिखर (पीक व्होल्टेज) ४८८ व्होल्ट. कपॅसिटर ४०० चा. गोळी ४७० ला वाहायला लागते. म्हणजे प्रत्येक अर्ध्या सायकलला, सेकंदात १०० वेळा, ती गोळी थोडा थोडा करंट पिते आणि तापत जाते. तापली की आणखी वाहते. शेवटी शॉर्ट होते, फ्युजिबल रेझिस्टर उघडतो आणि बल्ब बंद. त्यातल्या त्यात बरं, त्या रेझिस्टरने त्याचं काम केलंय, तो नसता तर बागेत आग लागली असती.

वाचक_वसई
फार छान समजावलंत ताई. वाचनखूण साठवली.
एक शंका, मग ४७१ च्या जागी मोठ्या व्होल्टेजची गोळी का नाही लावत कंपन्या? ६८१ मिळते की.

मीनल_पुणे
लावतात, पथदिव्यांच्या ड्रायव्हरमध्ये. १४डी६८१ कायम ४२० व्होल्ट एसी सहन करते, न्यूट्रल सुटला तरी शांत बसते. पण मग खऱ्या झटक्याच्या वेळी ती व्होल्टेज उशिरा धरते. १४डी४७१ साधारण ७७५ व्होल्टला अडवते तिथे ६८१ जवळपास ११२० व्होल्ट पुढे जाऊ देते. पुढचा कपॅसिटर, ब्रिज आणि मॉस्फेट (आयसीचा स्विच) त्या हिशोबाने तगडे हवेत. ९ वॅटच्या बल्बात ५०० व्होल्टची आयसी असते, तिथे नुसती गोळी बदलली तर गोळी वाचेल आणि आयसी मरेल. पथदिव्यात दोन कपॅसिटर सिरीजमध्ये घालतात किंवा व्होल्टेज जास्त झालं की ड्रायव्हरच बंद होईल अशी सर्किट असते. ते सगळं बल्बच्या किमतीत बसत नाही, आणि खरं सांगायचं तर बसवायचा हट्टही करू नये. न्यूट्रलचं संरक्षण बॉक्समध्ये एकदाच करायचं असतं, ४०० ठिकाणी नाही.

फेजन्यूट्रल
+१. फक्त एक जोडतो. गोळी जिथे लावाल तिच्या आधी फ्यूज पाहिजेच, आणि फ्यूजवरचं छापलेलं वाचा. काचेच्या फ्यूजच्या टोपीवर एल असतं, सिरॅमिकच्या एच. टी२एएच२५०व्ही म्हणजे सावकाश उडणारा, २ अँपिअर, एच म्हणजे मोठा शॉर्ट तोडू शकणारा, २५० व्होल्टचा. काचेचा छोटा फ्यूज ३५ अँपिअरपर्यंतच धडपणे तोडतो, सिरॅमिक १५०० पर्यंत. गोळी शॉर्ट झाली की करंट शेकड्यांत जातो, तेव्हा काचेचा फ्यूज तुटायच्या ऐवजी फुटतो, आत धातूची वाफ होऊन ठिणगी चालूच राहते. माझ्याकडे येणाऱ्या काळ्या ठिक्कर पडलेल्या फ्लडलाईटमध्ये बहुतेक वेळा हेच असतं, नाहीतर फ्यूजच्या जागी कुणीतरी तारेचा तुकडा टाकलेला. कृपा करून असं करू नका कुणी.

शिवारवाटा
आमच्याकडे पण न्यूट्रलचा त्रास होता, वायरमनने अर्थिंगच्या रॉडवर न्यूट्रल जोडून दिला, तेव्हापासून चालतंय. माणदेशी भाऊंनी पण तसं करून बघावं.

मीनल_पुणे
दादा, हे आजच्या आज काढा. मनापासून सांगतेय. शेतातल्या रॉडचा रोध सहज ५ ओहम असतो, उन्हाळ्यात माती वाळली की त्याच्या कितीतरी पट. त्यातून १८ अँपिअर गेले तर ५ ओहमवरच ९० व्होल्ट. म्हणजे त्या रॉडला जोडलेलं सगळं, मोटरची बॉडी, स्टार्टरचा पत्रा, पाइप, सगळं जमिनीच्या तुलनेत ९० व्होल्टवर. ओल्या पायाने कुणी व्हॉल्व फिरवायला हात लावला तर माणूस जातो. आणि त्यात एमसीबी उडत नाही कारण तिच्या दृष्टीने हा नेहमीचाच भार आहे. बल्ब गेले तर परत आणता येतात.

फेजन्यूट्रल
शिवारवाटा, ताईंचं ऐका राव. आमच्या तालुक्यात गेलीयत माणसं अशी.

शिवारवाटा
आत्ताच मेन पाडला. सकाळी दुसरा वायरमन बोलावतो. धन्यवाद.

माणदेशी
ताई, १८ चा आकडा कुठून आला? आमचा तर सगळा मिळून ३६०० वॅटचा भार आहे, आणि मी वाचलं होतं की तीन फेज सारखे असले की न्यूट्रलमध्ये काही जातच नाही.

दुसरं म्हणजे, डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) न्यूट्रल ठीक आहे. वायरमन बघून गेला, शेजारच्या वस्तीवर काही झालं नाही, आमच्या घरातही नाही. म्हणून आज दुपारी मेन बंद करून बागेच्या बॉक्सचं झाकण काढलं. न्यूट्रलची पितळी पट्टी आहे ना, तिच्यातला मेन न्यूट्रलचा स्क्रू काळा पडलाय, वायरचं प्लास्टिक बोटभर वितळून पट्टीला चिकटलंय, आणि वायर ओढली तर अलगद हातात आली. टोकाला पांढरट भुकटी. ती वायर ॲल्युमिनियमची १.५ चौरस मिलिमीटरची आहे, फेजच्या २.५ च्या. जोडणाऱ्याने न्यूट्रल बारीक चालतो असं सांगितलं होतं.

मीनल_पुणे
सापडलं मग. आणि हेच मला लिहायचं होतं, कारण हे एलईडीमुळेच होतं, हीटर किंवा मोटर असती तर झालं नसतं.

छोट्या स्वस्त ड्रायव्हरमध्ये कपॅसिटर भरायला करंट फक्त व्होल्टेजच्या शिखरावर, बारीक सुळक्यासारखा ओढला जातो. त्यामुळे पॉवर फॅक्टर (खरे वॅट भागिले व्होल्ट गुणिले अँपिअर) ०.५ च्या आसपास येतो. १५० बल्बांचे १३५० वॅट, हिशोबाने ६ अँपिअरच्या आत, पण ०.५ धरले तर पावणेबारा. हे झालं एका फेजचं. आता तीन फेजची शिखरं वेगवेगळ्या वेळी येतात, म्हणजे हे सुळके न्यूट्रलमध्ये एकमेकांना खोडून काढतच नाहीत, एकामागून एक सगळे तिथून जातात. हीटरसारख्या भाराला "सारखे फेज, न्यूट्रल रिकामा" हे बरोबर आहे. असल्या बल्बांना तीन फेज अगदी सारखे केलेत तरी न्यूट्रलमध्ये फेजच्या १.७३ पटीपर्यंत करंट जाऊ शकतो. तुमचा तिसरा फेज हलका आहे, तरी १८ च्या आसपास येतो. बागेतला सगळ्यात जास्त तापणारा धागा न्यूट्रलचा, आणि नेमका तोच सगळ्यात बारीक घातला, वर ॲल्युमिनियम थेट पितळेत. ॲल्युमिनियम तापून फुगतं, थंड होऊन आकसतं, दर रात्री स्क्रू थोडा सैल. सैल झाला की आणखी तापतो. ती पांढरी भुकटी ऑक्साइडची, ती वीज वाहू देत नाही.

तेव्हा न्यूट्रल फेजइतकाच जाड हवा, अशा भाराला एक साइज वरचाच घ्या, ४ ची तांब्याची वायर, टोकाला लग दाबून. नवीन बल्ब घेताना खोक्यावर पॉवर फॅक्टर ०.९ च्या वर छापलेला घ्या, करंट जवळपास निम्मा होईल. आणि चालायचा पल्ला १०० ते ३०० व्होल्ट लिहिलेला बघा. तुमच्या कामाचा आकडा तो आहे, ४ केव्ही नाही.

राजापूरकर
हे वाचून डोळे उघडले. मी वीज वीज करत बसलो होतो, पण आमच्याकडे खरोखरच वीज पडते. आमच्यासारख्यांनी काय करावं तेही लिहा ताई, थोडं अवांतर असलं तरी.

मीनल_पुणे
अजिबात अवांतर नाही. दोन वेगळी यंत्रं, दोन्ही लागतात.

न्यूट्रलसाठी: ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर, बॉक्समधल्या डीआयएन रेलवर (एमसीबीच्या पट्टीवर) बसणारा. वरची मर्यादा २७० च्या आसपास ठेवा. आत रिले असतो, सेकंदाच्या आत तोडतो. माणदेशी भाऊ, इथे एक गोम आहे. प्रोटेक्टर जिथून न्यूट्रल घेतो तिथलंच व्होल्टेज त्याला कळतं. तो मेनला, न्यूट्रल पट्टीच्या अलीकडे लावला असता तर परवाच्या रात्री त्याला छान २३० दिसत राहिले असते आणि पलीकडे बल्ब मरत राहिले असते. म्हणून पट्टीच्या नंतर, प्रत्येक फेजला वेगळा, आणि फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा घ्या. तिन्हीला लावा, एकालाच नको, कारण न्यूट्रल सुटलेला असताना एक फेज तुटला की उरलेले दोन ४०० व्होल्टमध्ये सिरीजमध्ये येतात, आणि त्यांचा भार सारखा नसेल तर त्यातला हलका मरतो.

विजेसाठी: टाइप २ चा एसपीडी (सर्ज अडवणारं यंत्र) मेन बॉक्समध्ये. हा मायक्रोसेकंदाचा पहारेकरी, रिले तिथे पोचूच शकत नाही, आणि उलट न्यूट्रलच्या प्रकरणात एसपीडी काही करू शकत नाही, जळतो फक्त. फेज-न्यूट्रलमध्ये गोळी आणि न्यूट्रल-अर्थमध्ये गॅस ट्यूब, असा ३+१ म्हणून मिळतो तो घ्या. गॅस ट्यूब असल्यामुळे अर्थकडे गळती होत नाही. आणि त्याच्या वायरी आखूड ठेवा, दोन्ही बाजू मिळून अर्धा मीटर. तारेचा दर मीटर साधारण १ मायक्रोहेन्री धरतात, ५ हजार अँपिअर ८ मायक्रोसेकंदात चढले तर एका मीटरवर ६०० च्या वर व्होल्ट, ते एसपीडीच्या व्होल्टेजमध्ये मिळवून तुमच्या ड्रायव्हरला मिळतात. बॉक्समध्ये सुंदर वळणं देऊन गुंडाळी केलेल्या वायरी मी पाहिल्यात, दिसायला छान, कामाला निकामी.

फ्लडलाईटच्या बाबतीत अजून एक. झटका फेज आणि अर्थमध्येसुद्धा येतो. एलईडीची प्लेट ॲल्युमिनियमची, मध्ये पातळसा इन्सुलेशनचा थर, मागे बॉडी, बॉडी खांबाला. तो थर फुटला की ठिपक्यांवर काळे डाग पडतात आणि ड्रायव्हर मात्र चांगला असतो. तिथे खांबाला चांगलं अर्थिंग आणि दिव्याजवळ वेगळा १० केव्हीचा एसपीडी लागतो. तो सिरीज प्रकारचा मिळाला तर बघा, तो मेला की दिवाही बंद होतो म्हणजे कळतं तरी. पॅरलल प्रकारात दिवा चालू राहतो आणि पुढच्या विजेला उघडा.

वाचक_वसई
आमच्या सोसायटीत पार्किंगचे सगळे दिवे टायमरवर एकदम लागतात आणि आठवड्यातून दोनदा एमसीबी पडते. शॉर्ट काही सापडत नाही. हा पण प्रोटेक्शनचाच प्रकार का?

फेजन्यूट्रल
मोकळे कपॅसिटर एकदम भरतात त्याचा धक्का आहे तो. मोठा ड्रायव्हर चालू होताना क्षणभर ५०-६० अँपिअर ओढू शकतो, असे वीस एकदम आले तर बी टाइपची एमसीबी पडणारच, ती छापलेल्या अँपिअरच्या ३ ते ५ पटीला सुटते. सी टाइप ५ ते १० पटीला, ती लावा, आणि दिवे दोन-तीन टायमरवर थोड्या अंतराने लावा. ड्रायव्हरमध्ये एनटीसी (गार असताना रोध जास्त, तापली की कमी) असते हा धक्का अडवायला, पण लाईट जाऊन लगेच आली तर ती अजून गरमच असते, तेव्हा काहीच अडवत नाही. म्हणून तुमची एमसीबी बहुतेक लाईट झटका देऊन येते त्या दिवशी पडत असेल, बघा जरा.

वाचक_वसई
अगदी बरोबर, त्याच दिवशी पडते!

माणदेशी
४ ची तांब्याची वायर, नवीन पट्टी, तीन प्रोटेक्टर घेऊन आलो, एसपीडी उद्या मिळतोय. बल्ब ०.९ पॉवर फॅक्टरचे मागवलेत, थोडे महाग पडले. तिसऱ्या फेजवर पाठीमागच्या ओळीतले काही बल्ब वाचलेत, ते परत लावू का? आणि पहिल्या दोन फेजचे?

मीनल_पुणे
पहिल्या दोन फेजचे बिनधास्त वापरा, त्यांनी २०० च्या आसपासच बघितलंय. फक्त नवीन न्यूट्रलवर आधी प्रोटेक्टर बसवून, एकेक फेज चालू करून बॉक्समध्ये फेज-न्यूट्रल व्होल्टेज मोजा, मग तिन्ही चालू असताना परत मोजा, आणि तासाभराने मेन बंद करून पट्टीचे स्क्रू हात लावून बघा, कोमट लागले तरी परत आवळा.

तिसऱ्या फेजचे वाचलेले मात्र लावू नका. त्यांच्या गोळ्या तापून गेलेल्या आहेत. एकदा अशी तापलेली गोळी ४७० च्या ऐवजी खालीच वाहायला लागते, आणि मग नेहमीच्या २३०-२४० लासुद्धा हळूहळू गरम होत राहते. कपॅसिटरही आतून खराब झालेले असणार. टोप्यांवर मार्करने फुली मारून फेजन्यूट्रल दादांकडे पाठवा, त्यांना एलईडीच्या प्लेटा सुट्या भागासाठी उपयोगी पडतील.

फेजन्यूट्रल
पाठवा, एसटीच्या पार्सलने आले तरी चालतील. मेलेले पण पाठवा सगळे, ठिपके चांगले आहेत म्हणालात ना.